तुळया, कड्या, खांबांचं फर्निचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर तेच ते प्रश्न येत राहतात आणि मी रंधा बाजूला ठेवून तीच ती उत्तरं टाइप करत बसतो, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय. पाडलेल्या वाड्या-चाळींच्या लाकडातून फर्निचर बनवणारं आमचं वर्कशॉप पुण्यात आहे त्यामुळे उदाहरणं पेठांमधल्या वाड्यांची जास्त, थोडी मुंबईच्या चाळींची आणि कोकणातल्या घरांची. सगळं वाचायचा कंटाळा असेल तर निदान वाडा पाडायचा असलेल्यांसाठीचा प्रश्न आणि किमतीचा प्रश्न एवढे दोन वाचाच.

तुम्ही जुनं फर्निचर विकता का?

नाही. जुनी कपाटं, आरामखुर्च्या, झोपाळे हवे असतील तर मुंबईत चोरबाजार किंवा जोगेश्वरी-ओशिवरा गाठा, पुण्यात जुन्या बाजारातही कधीकधी काहीतरी सापडतं. आम्ही पाडलेल्या इमारतींच्या सांगाड्याचं लाकूड घेतो, म्हणजे ज्याने छप्पर आणि मजले तोलून धरले होते ते, आणि त्यातून नवीन टेबलं, बाकं, पलंग, शेल्फ असं हाताने बनवतो.

वाडा तर विटामातीचा असतो, त्यात इतकं लाकूड येतं कुठून?

उलटं आहे. वाडा उभा असतो लाकडावर, भिंती नुसत्या मधली जागा भरायला. दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे दगड, तळखड्यावर खांब, खांबावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर हात-दीड हाताच्या अंतराने कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या म्हणजे तक्तपोशी नाहीतर किलचण, आणि त्यावर माती-चुन्याचा कोबा. वर छपराला आढं, वासे, रीपा. शिवाय चौकटी, दारं, जिने, गॅलरीचे कठडे. एका मध्यम वाड्यातून निघणारं लाकूड बघून घरमालकच चाट पडतात, कारण अर्धं गिलाव्यात आणि रंगाखाली लपलेलं असतं.

आमच्या दृष्टीने सगळ्यात कामाची कडी. मापाने आटोपशीर, सरळ, आणि एकाच घरात एकाच मापाच्या पुष्कळ मिळतात. तुळई दिसायला दणकट पण तिच्या अंगावर कड्या बसवायच्या खाचा असतात, त्या खाचांच्या मधलं लाकूडच अखंड मिळतं. काही तुळयांना वर्षानुवर्षं वजन घेऊन पोट आलेलं असतं, सरळ करायला गेलं की दोन्ही बाजूंनी इंच-इंच जातं.

नवीन साग मिळतोच की, मग जुन्याचा हट्ट का?

नवीन सागात वाईट काही नाही. बल्लारशाचा, आलापल्लीचा साग, ज्याला बाजारात सीपी म्हणतात, तो आजही उत्तम येतो, अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. पण लागवडीचा साग लवकर तोडतात, त्यात बाहेरचा पांढरा भाग जास्त आणि पिकलेला गाभा कमी. वाळवी-किडीला दाद देत नाही तो गाभा, पांढरा भाग नाही. जुन्या तुळईचा छेद बघा, जंगलात सावलीत सावकाश वाढलेलं झाड असतं, वाढीची वलयं एकमेकांना चिकटून, आणि बहुतेक सगळा गाभाच. दुसरं म्हणजे माप. आठ बाय आठ इंचाचा बारा फुटी अखंड गाभ्याचा ओंडका आज वखारीत मागून बघा, वखारवाला आधी चहा पाजेल आणि मग नाही म्हणेल.

"जुना बर्मा" म्हणजे खरंच ब्रह्मदेशातला?

चाळी, गिरण्या, बंगल्यांमधला बराचसा खरंच तिथला. इंग्रजांनी १८५२ पर्यंत खालचा ब्रह्मदेश घेतला आणि रंगून-मौलमीनहून सागाचे ओंडके बोटीने मुंबईला यायला लागले. १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन मुंबईत निघाली, आणि १८८५ चं तिसरं युद्ध ज्या भांडणावरून पेटलं ते याच कंपनीच्या सागतोडीच्या दंडाचं होतं. त्यात हरलेल्या थिबा राजाला आणून ठेवलं ते रत्नागिरीला, तो १९१६ मध्ये तिथेच गेला, थिबा पॅलेस बघितला असेलच. म्हणजे लालबाग-गिरगावच्या एखाद्या चाळीच्या कडीत आणि रत्नागिरीच्या राजवाड्यात नातं आहे ते असं. २०१४ पासून म्यानमारने अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, त्यामुळे जुना माल अजूनच भाव खातो.

पण पेशवाईतल्या वाड्याचं लाकूड कोणी बर्मा म्हणून विकत असेल तर हसा आणि पुढे चला. तो आपल्याकडचा साग, आणि काही कमी नाही.

सगळं सागच असतं का?

अजिबात नाही. कोकणातल्या घरांत फणस, ऐन, किंजळ भरपूर. ऐन जड आणि कडक, करवतीचा घाम काढतो पण बाकाच्या पायांना मस्त. फणस ताजा रंधला की पिवळाधमक आणि मग वर्षागणिक मधाळ तपकिरी होत जातो, माझं आवडतं लाकूड, लोक उगाच नाक मुरडतात. शिसव सांगाड्यात क्वचित, दारं-कोरीव कामात जास्त. ओळखायचं तर एक कोपरा रंधून बघायचा. सागाला तेलकट हात लागतो आणि चामड्यासारखा वास येतो, चीड म्हणजे पाइन असेल तर राळेचा वास, वजनाला हलकं. नुसता वरचा काळपट रंग बघून कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही.

बीडीडी चाळी पाडतायत, तिथल्या तुळया मिळतील का?

त्या चाळी १९२० च्या दशकातल्या काँक्रीटच्या आहेत. तिथे लाकडी तुळया नाहीतच, त्यामुळे "बीडीडीची तुळई" म्हणून कोणी काही विकलं तर समजून घ्या.

तुमच्यामुळे वाडे पाडले जातात असं नाही का वाटत?

हा प्रश्न दर प्रदर्शनात येतो आणि बरोबर येतो. वाडा पडतो तो जागेच्या भावामुळे, भाडेकरूंच्या भांडणामुळे, दुरुस्तीला पैसे नसल्यामुळे, लाकूड विकून कोणाला बिल्डिंग उभी करता येत नाही. तरी आमचा नियम असा की दुरुस्त होऊ शकणाऱ्या वास्तूतून एखादा खांब, एखादी चौकट सुटी काढून आणलेली असेल तर घेत नाही. हेरिटेज यादीतली इमारत असेल तर हातच लावत नाही, मुंबईत ही नियमावली १९९५ पासून आहे, पुण्यातही यादी आहे, आणि ग्रेड काहीही असो परवानगीशिवाय काही काढता येत नाही. विकणाऱ्याकडून आम्ही पाडकामाच्या परवानगीची कॉपी आणि बिल मागतो. हे मागितलं की काही लोक परत फोन करत नाहीत, बरंच आहे ते.

आणि वाडा राखायची थोडी जरी शक्यता असेल तर आधी कॉन्झर्वेशन आर्किटेक्टला भेटा. तुळईचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे तुळई असणं, टेबल त्याच्या खूप नंतर.

आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला चाललाय, लाकूड वाचवायचं आहे, काय करू?

सगळ्यात आधी अॅग्रीमेंट वाचा, सही व्हायच्या आधी. बहुतेक करारात पाडकामाचा सगळा माल बिल्डरचा किंवा पाडकामवाल्या ठेकेदाराचा असं एक ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष कार्पेट एरियावर. तिथे लिहून घ्या की सांगाड्याचं लाकूड, चौकटी, दारं मालकाची. मग ठेकेदार पाडकामाचे पैसे वाढवून मागेल, कारण त्याने भाव धरलेला असतो तोच लाकूड विकून. तेवढे द्या.

दुसरं, जेसीबी आत यायच्या आधी सुतार आत गेला पाहिजे. वाडा बांधला त्याच्या उलट क्रमाने उतरवायचा, कौलं, रीपा, वासे, आढं, मग कड्या, तुळया आणि शेवटी खांब. जुने सांधे कुसू-साल पद्धतीचे, म्हणजे एकात दुसरं अडकवून पाचर मारलेले, पाचर काढली की सुटतात. जेसीबीने ओढलं की खांब नेमका सालीपाशी चिरतो आणि सहा फुटांचा चांगला तुकडा जळणाच्या भावाचा होतो.

उतरवायच्या आधी प्रत्येक खोलीचा फोटो, आणि उतरवताना प्रत्येक तुकड्यावर ऑइल पेंटने नंबर. खडूने नको, पहिल्या पावसात जातो. आणि हे सगळं मे अखेरपर्यंत उरका.

ठेवायचं कसं तर जमिनीला न टेकवता, खाली विटा किंवा ठोकळे, प्रत्येक थराच्या मध्ये पट्ट्या म्हणजे वारा खेळेल, वर पत्रा. निळा प्लॅस्टिक कागद घट्ट गुंडाळून ठेवणारे लोक आहेत, आत घाम धरतो आणि बुरशी येते.

आता भाऊबंदकी. चुलत-चुलत मिळून अकरा वाटेकरी आणि प्रत्येकाला दिंडी दरवाजाच हवा, हे मी पाहिलेलं आहे. सोपा उपाय म्हणजे आधी यादी करायची, नंबर आणि माप टाकून, आणि घनफुटावर वाटणी. दरवाजा, देवघराची चौकट अशा एकुलत्या एक वस्तू चिठ्ठ्या टाकून. यादी असली की आवाज निम्म्याने कमी होतात, अगदी बंद होत नाहीत.

मी एक फोटो पाठवतो, सेम तसंच टेबल बनवाल?

बहुतेक वेळा नाही, आणि राग मानू नका. नवीन लाकडात आधी डिझाइन मग लाकूड हे चालतं. इथे आधी लाकूड. तुमच्याकडे साडेचार बाय तीनच्या कड्या आहेत तर त्या मापात काय बसतं ते आधी बघायचं. कडीचे पाय, तक्तपोशीच्या फळ्यांचा टॉप, वाशांचे आडवे दांडे, असं टेबल जवळजवळ स्वतःच सांगतं कसं व्हायचंय. याउलट आठ इंची तुळई चिरून तिच्या पाऊण इंची पट्ट्या करायच्या आणि फोटोतलं नाजूक कपाट बनवायचं, यात शतकभर टिकलेलं माप आपण भुशात घालवतो. पट्ट्या हव्या असतील तर नवीन सीपी घ्या की, स्वस्तही पडेल.

म्हणून आम्ही आधी तुमच्या घराचं माप आणि गरज विचारतो, मग उपलब्ध लाकडाचे फोटो पाठवतो आणि त्यानंतर पेन्सिल स्केच. या क्रमाला ज्यांची तयारी नाही त्यांचं आमचं जमत नाही.

खिळ्यांची भोकं, खाचा बुजवणार ना?

ताकदीला धोका असेल तर बुजवतो, त्याच लाकडाचा तुकडा घालून. लांबी म्हणजे पुट्टी भरून वर रंग मारत नाही. बाकी भोकं तशीच. लोखंडी खिळ्याभोवती जे निळं-काळं वर्तुळ असतं ते लोखंड, ओल आणि लाकडातला टॅनिन यांचं मिळून झालेलं, ऑक्झॅलिक अॅसिडने फिकट होतं, पण आम्ही शक्यतो ठेवतो. जेवणाच्या टेबलाच्या टॉपला मात्र उघडी भोकं नकोत, भात अडकतो. तिथे मेख ठोकून सपाट करतो.

खिळे सगळे निघतात का?

निघालेच पाहिजेत. अर्धा वेळ याच कामात जातो. जुने घडीव खिळे डोकं तुटून आत राहतात, वरून दिसत नाहीत, म्हणून मेटल डिटेक्टर फिरवायचा, मग पटाशीने आजूबाजूचं थोडं कोरून पकडीने ओढायचा. सॉ मिलवाले जुनं लाकूड बघितलं की कुरकुर करतात ते उगाच नाही, एक खिळा लागला की करवतीचा पट्टा गेला. वाळू-चुना चिकटलेला असतो तोही ब्रशने आधी साफ करावा लागतो, नाहीतर रंध्याची धार दहा मिनिटांत बोथट.

वाळवी, भुंगा? घरात कीड येईल का?

भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. तुकडा काळ्या कागदावर ठेवून चार-पाच दिवस बघायचं, खाली पावडरीसारखी ताजी पूड पडली तर जिवंत. ही कीड बहुतेक वेळा पांढऱ्या भागातच असते, तो भाग आम्ही चिरून टाकतो. उरलेल्याला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी मारून वाळवतो. वाळवी वेगळी, ती बहुतेक वेळा लाकडाबरोबर येत नाही, ती जमिनीतून आणि भिंतीतून येते, म्हणजे तुमच्या घरात आधीच असेल तर टेबलाला दोष देऊ नका.

जुन्या दारांचा हिरवा-निळा रंग किती छान दिसतो, तसाच ठेवाल का?

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम केली ती २०१७ पासून लागू, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. लहान मुलं असलेल्या घरात सुटणारा, पापुद्रे येणारा रंग नकोच. कोरडा घासायचा नाही, हीट गनही नको, वाफ आणि धूळ दोन्ही वाईट. पेंट रिमूव्हर लावून ओल्याने खरवडायचा, आणि तो चिखल बागेत नाही टाकायचा. रंग घट्ट असेल आणि वस्तू भिंतीवर टांगायची असेल तर वर सीलर मारून ठेवतो, पण मुलांच्या पलंगाला नाही म्हणजे नाही.

कोरीव खांबाचे लॅम्प बनवून द्याल?

नाही. सुरूदार खांब, केळफुलं, हस्त ही कामं बघायची असतील तर विश्रामबागवाड्यात जा, १८०७ च्या आसपासचा आहे, समोरून बघितला तरी कळेल सुतार काय होते. तसा खांब आडवा चिरून मध्ये वायर घालणं मला जमणार नाही. खांब अख्खा हवा असेल तर ओसरीत, गॅलरीत, देवघराला अख्खाच लावून देतो.

दरवाजाचं डायनिंग टेबल?

वर काच टाकून सगळे करतात. खरं सांगू का, मला ते आवडत नाही. नक्षीत धूळ बसते, काचेखाली ओल धरते, जड इतकं की सरकवायला चार माणसं, आणि गुडघे खालच्या आडव्या पट्टीला लागतात. दरवाजाला दरवाजा ठेवा, बेडरूमला लावा. चौकट मोठी पडली तर भिंत थोडी फोडा, लाकूड कापू नका. अगदीच हौस असेल तर पलंगाची उशाकडची बाजू करतो, ती दिसतेही आणि त्यावर कोणी आमटी सांडत नाही.

उंबरठ्याचं बाक करायचंय पण सासूबाई नको म्हणतात...

सासूबाईंचं ऐका. उंबरठ्यावर बसू नये असं ज्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलंय तिथे त्याचंच बाक करून रोज वाद कशाला. उंबरठा जाड, पायांनी मध्ये झिजून खोलगट झालेला असतो, आडवा भिंतीवर लावला की सुंदर शेल्फ होतं.

पाडलेल्या घराचं लाकूड घरात आणणं अशुभ असतं म्हणे?

काही वास्तुवाले जुनं लाकूड नवीन बांधकामात वापरू नये म्हणतात. फर्निचरबद्दल तितकं कडक कोणी बोलत नाही. दुसरीकडे असेही लोक येतात ज्यांना आजीच्या माजघराचीच कडी हवी असते, परक्याची नको. मी सुतार, मला लाकूड कोरडं आहे की ओलं एवढंच कळतं. तुमच्या मनात किंतु असेल तर घेऊ नका, दोन-तीन लाखांची वस्तू घेऊन रोज मनात पाल चुकचुकायला नको.

इतकं जुनं लाकूड म्हणजे पूर्ण वाळलेलं, मग ते हलणार नाही ना?

हा गैरसमज सुतारांमध्येही आहे. लाकूड कितीही जुनं असो, हवेतली ओल घेतं आणि सोडतं, पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. तीन फूट रुंदीच्या सागाच्या टॉपमध्ये हा फरक पाव इंचापर्यंत जाऊ शकतो. शिवाय जुनी तुळई मध्ये चिरली की आतला ताण सुटतो आणि कालपर्यंत सरळ असलेली फळी सकाळी वाकडी दिसते. म्हणून चिरल्यावर काही आठवडे पट्ट्या घालून रचून ठेवायचं, मॉइश्चर मीटरवर बाराच्या खाली आलं की मगच जोडकाम. टॉप खालच्या फ्रेमला कायमचा आवळत नाही, लांबट भोकांतून स्क्रू किंवा लाकडी गुटके, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते. पुण्यातून मुंबईला किंवा सतत एसी चालणाऱ्या ऑफिसात जाणार असेल तर आधी सांगा.

आणि तुळईला आधीपासून असलेली लांब भेग म्हणजे दोष नाही. ती वाळतानाच पडलेली असते, वाढत नसेल तर तिला फुलपाखराच्या आकाराची गुटकी मारून थांबवतो.

स्क्रू वापरता की नाही?

टॉप धरायला वापरतो, सांगाड्याला नाही. पाय आणि आडव्या दांड्यांना कुसू-साल, मोठ्या टेबलांना बाहेरून पाचर. वाडा जसा सुटायचा तसं टेबलही सुटतं, आणि हे नुसतं हौसेपोटी नाही, सहा फुटी टेबल सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही हो. गोंद लावायच्या आधी साग थिनरने पुसून लगेच जोडायचा, तेलकटपणामुळे नाहीतर फेव्हिकॉल नीट धरत नाही. भारी जोडाला इपॉक्सी.

पॉलिश कोणतं? चकचकीत होईल का?

चकचकीत हवं असेल तर मेलामाइन मारून देणारे पुष्कळ आहेत. आम्ही जवसाचं तेल पातळ करून दोन-तीन हात आणि वर मेण. जेवणाच्या टेबलाला मॅट पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा थर, कारण आपल्याकडे हळद सांडतेच. लाखेचं फ्रेंच पॉलिश देखणं, पण गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग, म्हणून ते कपाटांना.

घरी तेल लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. ही भीती घालायची गोष्ट नाही, खरंच लागते आग.

देखभाल?

ओलं फडकं, लगेच कोरडं फडकं. वर्षातून एकदा दिवाळीच्या सुमारास मेण. बास.

भाव कसा काढता? इतकं महाग का?

लाकूड घनफुटावर. रुंदी इंच गुणिले जाडी इंच गुणिले लांबी फूट, भागिले १४४. म्हणजे आठ बाय आठची बारा फुटी तुळई झाली साधारण ५.३३ घनफूट, आणि सागाचा घनफूट सरासरी अठरा किलो धरला तर जवळपास शंभर किलो. आता यातून खाचा, चिरलेली टोकं, खिळ्यांचा पट्टा, पोट काढलेलं असं करत तिसरा हिस्सा तरी जातो, कधी अर्धा. पैसे तुम्ही पूर्ण तुळईचे देता, कारण आम्हीही पूर्ण तुळईचेच दिलेले असतात. सहा बाय तीनचं दीड इंची टॉपचं टेबल तयार होऊन सत्तर किलोच्या आसपास भरतं, त्यात लाकडापेक्षा मजुरी जास्त असते. तुमचंच लाकूड आणलंत तर फक्त मजुरी, पण खिळे काढायचे वेगळे लागतील, त्यात घासाघीस नको.

बाजारात "वाड्याचं लाकूड" म्हणून मिळतं ते खरं कसं ओळखायचं?

टेबल उलटं करा. वरून कोणीही ब्रशने, साखळीने मारून आंब्याच्या लाकडाला जुनं करतं, खालून करायचा कंटाळा करतात. खऱ्या कडीत खिळ्यांची भोकं ठराविक अंतरावर एका रांगेत असतात कारण तिथे फळ्या ठोकलेल्या होत्या, नकली मालात ती कशीही विखुरलेली. भोकाच्या आतून काळं आहे का बघा. कुठेतरी वाकसाचे किंवा हातकरवतीचे थोडे वेडेवाकडे माग सापडतात, मशीनचे माग एकसारखे येतात. आणि विचारा कुठल्या गावचा वाडा, कधी पाडला. "राजस्थानच्या हवेलीचं" एवढंच उत्तर आलं तर भाव निम्मा करून मागा, तरी महागच पडेल.

रेल्वेच्या स्लीपरचं बाक करून द्याल?

घरात ठेवायला नाही. त्यात क्रिओसोट जिरवलेलं असतं, वास जात नाही, उन्हात वर येतं, अंगाला लागलेलं चांगलं नाही, आणि करवतला की ती धूळ त्याहून वाईट.

बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब, दगड वापरता का?

बिडाचा खांब वजनाला भयंकर आणि वेल्डिंगला नखरेल, तो बीड जाणणाऱ्या माणसाकडेच द्यावा लागतो. गिरण्यांच्या पाडकामात निघायचे, आता कमी. तळखडे मात्र छान, वर जाड फळी ठेवली की बागेतलं स्टूल झालं, चिकटवायचीही गरज नाही. मंगळुरी कौलांचं फर्निचर होत नाही, कृपया विचारू नका, ती छपरावरच बरी.

अमेरिकेत मुलाकडे पाठवायचंय.

नवीन बनवलेलं साधं टेबल जातं, पॅकिंगचं लाकूड उष्णता देऊन शिक्का मारलेलं असावं लागतं. अडचण येते ती कोरीव तुकड्यांची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात इमारतीतून सुटी केलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तूही येते, ती देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून आधी दाखला घ्यायचा. शिसव असेल तर साइट्स या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्याचे कागद वेगळे. ऑस्ट्रेलियावाले किडीच्या भोकांबाबत फार कडक, तिकडे भोकं असलेलं काही पाठवूच नका.

मला स्वतः शिकायचंय, घरी सुरुवात कशाने करू?

एका कडीच्या तुकड्याने आणि छोट्या स्टुलाने. रंधा, दोन पटाश्या, गुण्या, चांगली करवत, पकड आणि एन-९५ मास्क. मास्क चैन नाही, सागाची धूळ काहींच्या अंगावर उठते आणि कुठल्याही लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं ओढणं नाका-फुफ्फुसाला घातक. पहिल्या दिवशी इलेक्ट्रिक कटर नको, लपलेल्या खिळ्यावर उसळतो. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये फिरा, तुकडे मिळतात, आणि एखादा म्हातारा सुतार गप्पांना सापडला तर चहा तुमच्याकडून.

फोटो पाठवला तर अंदाज सांगाल?

सांगतो, पण लांबून काढलेल्या ढिगाऱ्याच्या फोटोवरून नाही. तीन फोटो लागतात. एक टोकाचा, म्हणजे छेद दिसेल, त्यावर आधी पाण्याचा हात फिरवा. एक बाजूचा, शेजारी टेप उघडून ठेवलेला. आणि एक जिथे सगळ्यात खराब आहे तिथला, चांगली बाजू सगळेच पाठवतात. सोबत लांबी, रुंदी, जाडी, नग किती, आणि घर कुठलं होतं ते लिहा. गावाचं नाव कळलं की लाकूड कोणतं असेल याचा अर्धा अंदाज तिथेच येतो. संध्याकाळी सातनंतर पाठवा, दिवसा हात गोंदाचे असतात.